क्रीमच्या जागी काय घालावे आणि केव्हा: घरगुती मलईदार सॉसमधील बदली घटक

ताकाला बेसन लावल्याखेरीज मराठी घरात कढी चुलीवर चढत नाही. बेसनाने कढी दाट होते हे खरे, परंतु ताक फुटू न देणे हे त्याचे पहिले काम असते, आणि म्हणूनच ते ताक तापण्यापूर्वी लावले जाते. पास्त्याचा पांढरा सॉस, मखनी ग्रेव्ही, मशरूमचा सॉस किंवा सँडविचसाठी मेयोनीज घरी करताना एखादा घटक हाताशी नसेल, किंवा पथ्यामुळे, उपवासामुळे अथवा खर्चामुळे चालत नसेल, तर हाच विचार पुढे न्यावा लागतो. बदली घटक निवडला की अर्धे काम झाले. तो कोणत्या टप्प्यावर, किती आचेवर आणि कशाच्या आधाराने घालायचा हे उरलेले अर्धे काम प्रत्येक घटकागणिक वेगळे असते. सॉस फाटतो किंवा पिठूळ लागतो, तेव्हा पर्याय चुकीचा होता असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो क्रीमच्या वेळेला आणि क्रीमच्या आचेवर घातलेला असतो.

पुढील मापांत वाटी 200 मिलिलिटरची, मोठा चमचा 15 मिलिलिटरचा आणि छोटा चमचा 5 मिलिलिटरचा धरला आहे.

क्रीम, साय आणि दूध

क्रीम सॉसला स्निग्धता देते, दाटपणा देते आणि आंबट पदार्थाच्या सहवासातही सहसा फुटत नाही. या तिसऱ्या गुणाकडे आपले लक्ष कमी जाते. दूध फाटते ते त्यातील केसिन या प्रथिनामुळे. दुधाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 4.6 च्या आसपास उतरला की केसिनचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात, आणि दूध गरम असेल तर त्याहून कमी आंबटपणाही पुरतो. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त आणि त्या मानाने केसिन कमी असल्यामुळे ते टोमॅटोच्या ग्रेव्हीत टिकते. त्याच ग्रेव्हीत साधे दूध ओतले तर क्षणात चोथा होतो. म्हणून पर्याय शोधताना आधी स्निग्धांशाकडे पाहावे. खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये तो साधारण 20 ते 25 टक्के असतो. पिशवीतील फुल क्रीम दुधात 6 टक्के, टोन्ड दुधात 3 टक्के आणि डबल टोन्ड दुधात अवघा दीड टक्का असतो. टोन्ड दूध कितीही आटवले तरी ते क्रीमची बरोबरी करणार नाही, हे या आकड्यांवरूनच स्पष्ट होते.

दुधापासून क्रीमच्या जवळ जायचे असेल तर त्यात लोणी मिसळावे. दीडशे मिलिलिटर फुल क्रीम दूध कोमट करावे, त्यात 60 ग्रॅम वितळलेले लोणी घालावे आणि मिक्सरमधून अर्धा मिनिट फिरवून घ्यावे. या मिश्रणातील स्निग्धांश साधारण 27 टक्के भरतो, म्हणजे फ्रेश क्रीमपेक्षा थोडा अधिकच. मात्र ते थोडा वेळ ठेवले की लोणी वर येऊ लागते, त्यामुळे ते लागेल तेव्हाच करावे आणि सॉसमध्ये शेवटी, गॅस मंद करून घालावे. त्यात पाव छोटा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळले तर ते अधिक काळ एकजीव राहते. हे मिश्रण फेटून फुलत नाही, म्हणून केकच्या सजावटीसाठी त्याचा उपयोग नाही. बाजारचे खारे बटर वापरले असेल तर सॉसमध्ये मीठ अगदी शेवटी आणि चाखून घालावे.

पुण्यात म्हशीचे दूध घेणाऱ्या घरांना याहून सोपा मार्ग उपलब्ध आहे, आणि तो वापरला जात नाही याचे वाईट वाटते. दूध तापवून, पूर्ण गार करून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की वर जाड साय धरते. ही ताजी साय क्रीमची उत्तम बदली आहे. सायीच्या पापुद्र्यांचे तुकडे सॉसमध्ये तरंगू नयेत म्हणून ती दोन-तीन मोठे चमचे थंड दुधासह हाताने घोटावी किंवा गाळणीतून दाबून काढावी. मिक्सरमध्ये फिरवायची असेल तर काही सेकंदांवर थांबावे, कारण जास्त फिरवल्यास लोणी निघते. लोणी काढण्यासाठी विरजण लावून साठवलेली साय हा तर स्वतंत्रच घटक आहे. परदेशी पाककृतींत सावर क्रीम लिहिलेले असते तिथे ती नेमकी बसते. मशरूमच्या सॉसला, उकडलेल्या बटाट्यांवरच्या सॉसला, कांद्याच्या डिपला तिचा हलका आंबटपणा शोभतो, आणि स्निग्धांश भरपूर असल्याने ती दह्यापेक्षा आच अधिक सोसते. फक्त ती दोन-तीन दिवसांपेक्षा जुनी नसावी. आठवडाभर साठवलेल्या सायीला येणारा कडवटपणा लोणी कढवताना निघून जातो, सॉसमध्ये मात्र तो तसाच राहतो.

केकवर लावण्यासाठी मिळणारे वनस्पती चरबीचे व्हिपिंग क्रीम बहुधा गोड असते. पांढरे आहे आणि फ्रीजरमध्ये पडून आहे म्हणून ते पास्त्यात घालू नये.

टोमॅटोशी गाठ पडणार असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. टोमॅटोचा रस मसाल्यासह तेल सुटेपर्यंत परतून घ्यावा. तो आटल्यावर गॅस अगदी मंद करावा, त्या ग्रेव्हीतील दोन-तीन चमचे काढून साय किंवा दूध-लोण्याच्या मिश्रणात कालवावेत आणि मगच ते सर्व ग्रेव्हीत परत ओतावे. क्रीम ऑफ टोमॅटो सूप दुधावर करायचे असेल तर दुधाचा आधी पातळ व्हाइट सॉस करून घ्यावा आणि गरम टोमॅटो त्या सॉसमध्ये थोडा थोडा मिसळावा. उलट क्रमाने, म्हणजे टोमॅटोत नुसते दूध ओतून, ते जमवणे कठीण असते. चिमूटभर खाण्याचा सोडा घालून आंबटपणा मारण्याची पद्धत काही घरांत आहे. दूध फाटणे त्याने टळते, परंतु चिमटीहून जरा अधिक झाला की साबणासारखी चव येते, त्यामुळे मी तो मार्ग सुचवणार नाही.

दही आणि चक्का

क्रीमचा खर्च आणि स्निग्धांश दोन्ही कमी करायचे असले की बहुतेक जण दह्याकडे वळतात, आणि सर्वांत जास्त सॉस इथेच फाटतात. दही मुळातच आंबट असते, त्यातील केसिन आधीच गोळा झालेले असते, आणि उष्णता लागली की ते आकसून पाणी बाहेर टाकते. कढीत बेसन हेच थांबवते: पिठातील स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि प्रथिनांच्या कणांना एकमेकांना बिलगू देत नाही. मलईदार सॉसमध्ये बेसनाची चव चालत नाही, म्हणून त्याच्या जागी एक वाटी दह्याला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर किंवा दीड छोटा चमचा तांदळाची पिठी थंड असतानाच फेटून लावावी. दही फ्रिजमधून काढून लगेच घालू नये; ते अर्धा तास बाहेर ठेवावे. मग गरम सॉसमधील थोडा थोडा अंश त्यात घालत ते कोमट करून घ्यावे आणि मंद आचेवर, सतत ढवळत पातेल्यात सोडावे. पीठ लावलेल्या दह्याला हलकी उकळी चालते, किंबहुना पिठाचा कच्चेपणा जाण्यासाठी ती हवीच. पीठ न लावलेल्या दह्याला उकळी अजिबात चालत नाही. ते गॅस बंद करून, सॉस दोन-तीन मिनिटे निवल्यावरच घालावे.

साध्या दह्यापेक्षा चक्का बरा, कारण त्यातील पाणी आधीच निथळलेले असते आणि सॉस पातळ होत नाही. अर्धा किलो घट्ट दह्याचा साधारण 200 ते 250 ग्रॅम चक्का पडतो. मलमलच्या फडक्यात बांधून चार ते सहा तास टांगावे. एप्रिल-मेच्या पुण्यातील उकाड्यात टांगलेले दही झपाट्याने आंबते, म्हणून त्या दिवसांत फडके गाळणीत ठेवून, खाली भांडे धरून फ्रिजमध्येच निथळू द्यावे. गुढीपाडवा आणि दसरा यांच्या आसपास डेअरींत तयार चक्का मिळतो, तोही चालतो, पण तो गोड असलेल्या श्रीखंडाच्या डब्यातून काढलेला नसावा याची खात्री करावी, आणि आधी चव घेऊन पाहावी. आंबट चक्का श्रीखंडात साखरेने सावरतो, पांढऱ्या सॉसमध्ये त्याला सावरणारे काही नसते. थंड डिपसाठी चक्क्याला तोड नाही. एक वाटी चक्का, दोन मोठे चमचे तेल, ठेचलेला लसूण, मीठ, मिरपूड आणि थोडी मोहरीची पूड एकत्र फेटली की मेयोनीजच्या जागी लावता येईल असे, चवीला अधिक ताजे मिश्रण तयार होते.

पनीरचाही असाच उपयोग होतो. शंभर ग्रॅम ताजे, मऊ पनीर अर्धी वाटी दुधासह मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत होईपर्यंत फिरवावे. पनीर आम्लाने जमवलेले असल्यामुळे ते चीजसारखे वितळत नाही. जे काही मऊपण यायचे ते मिक्सरमध्येच यायला हवे, पातेल्यात येणार नाही.

काजू, मगज आणि नारळ

दूध चालत नसेल तर काजू हा सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. सॉससाठी अख्खे काजू विकत घेण्याचे काहीही कारण नाही. रविवार पेठेतील सुकामेव्याच्या दुकानांत किंवा जवळच्या वाण्याकडे मिळणारा काजू तुकडा वाटल्यावर तसाच लागतो आणि स्वस्त पडतो. अर्धी वाटी काजू तुकडा अर्धा तास गरम पाण्यात भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे, आणि पाऊण वाटी ताजे पाणी थोडे थोडे घालत वाटावे. आरंभीच सगळे पाणी ओतले तर कण पात्याखालून निसटतात आणि सॉस रवाळ होतो. काजूत स्टार्चही असतो, त्यामुळे ही पेस्ट गरम झाल्यावर क्रीमच्या उलट वागते: क्रीम तापल्यावर सैल होते, काजू घट्ट होत जातो आणि तळाला लागतो. म्हणून सॉस हवा त्याहून पातळ ठेवून पेस्ट घालावी, पाच मिनिटे मंद आचेवर सतत ढवळत शिजवावी आणि बाजूला गरम पाणी तयार ठेवावे. काजू गोडसर असतो. पास्त्याच्या सॉसमध्ये ही गोडी लिंबाच्या रसाने, मिरपुडीने किंवा परतलेल्या लसणाने मोडावी लागते.

काजू महाग वाटत असल्यास निम्मा काजू आणि निम्मी मगज बी घ्यावी. मगज अधिक वेळ भिजवावी लागते, आणि वाटल्यावर गाळणे चुकवू नये. नुसत्या मगजेचा सॉस मात्र चवीला पोकळ लागतो. पांढऱ्या तिळाला कडवट छटा असते, ती लसूण-लिंबाच्या सॉसमध्ये छान लागते, पांढऱ्या सॉसमध्ये खटकते.

नारळाचे दूध वापरताना सोलकढी करणाऱ्यांना ठाऊक असलेली काळजी घ्यावी. खवलेला नारळ कोमट पाण्यात वाटून पिळलेले पहिले, दाट दूध बाजूला ठेवावे. भाज्या दुसऱ्या, पातळ दुधात शिजवाव्यात आणि पहिले दूध शेवटी घालून केवळ गरम करावे. खळखळून उकळल्यास तेल वेगळे होऊन दाणेदार थर दिसू लागतो. डब्यात मिळणाऱ्या नारळाच्या दुधात बहुधा स्थिरक मिसळलेले असतात, त्यामुळे ते अधिक आच सोसते. चवीच्या बाबतीत नारळ लपत नाही. आले, लसूण, हिरवी मिरची, मशरूम, भोपळा यांच्याशी त्याचे जमते. चीज आणि ओरेगॅनो असलेल्या सॉसमध्ये तो परका वाटतो, तिथे काजूच घ्यावा.

सोयाचे, बदामाचे आणि ओटचे दूध आता दुकानांत सहज मिळते. ते साखर किंवा व्हॅनिला घातलेले नाही ना, हे वेष्टनावर पाहून घ्यावे. सोयाच्या दुधात प्रथिने बरीच असल्याने ते आंबटात फाटते, आणि ओटचे दूध शिजताना चिकट होते.

मैद्याऐवजी

पांढऱ्या सॉसचे नेहमीचे प्रमाण एक मोठा चमचा लोणी, एक मोठा चमचा मैदा आणि एक वाटी दूध असे आहे. मैदा लोण्यात मंद आचेवर दोन मिनिटे, रंग न बदलता परतायचा, मग दूध थोडे थोडे घालत गुठळ्या मोडायच्या आणि दाटल्यावरही आणखी चार-पाच मिनिटे शिजवायचे, कारण कच्च्या पिठाची चव उकळी आल्याबरोबर जात नाही. लोण्याऐवजी तूप घेतले तर ते पाऊणपटच घ्यावे. लोण्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो, तूप मात्र जवळजवळ पूर्ण स्निग्धांशच असते. तुपाचा वास सॉसवर स्वार होतो, म्हणून निम्मे तूप आणि निम्मे तेल घेणे मला अधिक योग्य वाटते.

मैद्याच्या जागी कणीक घेता येते. सॉस किंचित तपकिरी दिसतो आणि कोंड्यामुळे थोडा खरखरीत लागतो, म्हणून कणीक मैद्याच्या चाळणीने चाळून घ्यावी. ग्लुटेन चालत नसेल तर तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर वापरावे. इथे मक्याचे पिवळे पीठ घेऊन फसगत होते. हवी असते ती मक्याच्या स्टार्चची शुभ्र, हाताला कुरकुरणारी पूड. कॉर्नफ्लोअर मैद्याच्या निम्मेच पुरते. ते लोण्यात परतू नये. थंड दुधात कालवून उकळत्या दुधात सोडावे आणि उकळी फुटेपर्यंत थांबावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, आणि कॉर्नफ्लोअर पूर्ण फुलण्यासाठी तेवढे तापमान पुरते. पण वाफ दिसली म्हणून गॅस बंद केला तर सॉस नंतर पाणी सोडतो. एक मिनिट उकळल्यावर मात्र थांबावे, कारण फार वेळ उकळणे, जोराने ढवळणे आणि लिंबाचा रस या तिन्हींनी त्याचा दाटपणा पुन्हा मोडतो. आंबट घटक नेहमी गॅस बंद केल्यावर घालावा. आरारूट दुधात चिकट, तार सुटणारे होते. ते पाण्याच्या किंवा फळांच्या सॉससाठी राखून ठेवावे.

उपवासाच्या दिवशी मैदा आणि कॉर्नफ्लोअर दोन्ही बाद होतात. उकडलेल्या बटाट्यांवर घालण्यासाठी वरईची पिठी सर्वांत सौम्य ठरते. एक मोठा चमचा पिठी तुपात परतून वाटीभर दुधात शिजवली, जिरे आणि मिरची घातली की सॉस जमतो. शिंगाड्याचे पीठ लवकर आणि फार घट्ट होते, त्यामुळे निम्मेच घ्यावे, आणि त्याची राखी छटा स्वीकारावी. शेंगदाणे भाजून वाटले तर तो आमटीच्या चवीकडे जातो. दाण्याची चव मागे ठेवायची असेल तर कच्चे शेंगदाणे उकडून, साले काढून दह्यासोबत वाटावेत.

चीज

रोममध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेदो दी लेलिओ या खानावळवाल्याने प्रसिद्ध केलेल्या पास्त्यात क्रीम नव्हतेच. लोणी, पार्मिजानो चीज आणि पास्ता उकळलेले स्टार्चयुक्त पाणी एवढ्यावर तो सॉस उभा होता. तेव्हा क्रीम नसल्याची खंत न करता पास्त्याचे पाणी अर्धी वाटी काढून ठेवण्याची सवय लावावी. पार्मिजानोऐवजी आपल्याकडचे प्रोसेस्ड चीज चालते. त्यात वितळताना तेल आणि प्रथिने वेगळी होऊ न देणारे क्षार असतात, म्हणून ते गुळगुळीत उतरते. मात्र ते खारट असते आणि त्यात जुन्या चीजची तीव्र चव नसते. ती उणीव थोडी मोहरीची पूड आणि चिमूटभर जायफळ यांनी बरीचशी भरून निघते. पिझ्झासाठीचे मोझरेला सॉसमध्ये तारा सोडते, त्यामुळे ते वरून घालावे, आत नाही.

अंड्याविना मेयोनीज

मेयोनीजमध्ये तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात अडकवून ठेवण्याचे काम अंड्याचा बलक करतो. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो. तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली ती याच कारणाने. घरी, विशेषतः मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया असतील तर, दुधाचे मेयोनीज करावे. दुधातील केसिन बलकाचे काम पत्करते. तापवून पूर्ण गार केलेले अर्धी वाटी दूध उंच, अरुंद भांड्यात घ्यावे, त्यात अर्धा छोटा चमचा मोहरीची पूड, मीठ आणि साखर घालावी, वर एक वाटी तेल ओतावे, हँड ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करावा आणि खालचा भाग पांढरा घट्ट झाल्यावरच हळूहळू वर उचलावा. एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर शेवटी घालावे; त्याने मिश्रण आणखी आवळते. तेल रिफाइंड सूर्यफुलाचे किंवा करडईचे घ्यावे. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास पुढे येतो, आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ब्लेंडरमध्ये कडू होते.

दूधही चालत नसेल तर छोले शिजवलेले पाणी वापरावे. फ्रान्समध्ये 2014 साली या पाण्याचा फेस अंड्याच्या पांढऱ्यासारखा टिकतो हे लोकांसमोर आले आणि तेव्हापासून ते जगभर वापरले जाते. छोले भिजवलेले पाणी फेकून ताज्या पाण्यात, मीठ आणि सोडा न घालता शिजवावेत, उरलेले पाणी गाळून, गार झाल्यावर अंड्याच्या पांढऱ्याइतके दाट होईल एवढे आटवावे. तीन मोठे चमचे पाणी एका अंड्याच्या जागी धरून त्यात पाऊण वाटी तेल बारीक धारेने घालत फिरवावे.

कोणतेही मेयोनीज फुटले, म्हणजे तेल वर तरंगू लागले, तर ते फेकू नये. स्वच्छ भांड्यात दोन मोठे चमचे थंड दूध (किंवा छोल्याचे पाणी) आणि चिमूटभर मोहरीची पूड घेऊन फुटलेले मिश्रण त्यात धारेने सोडत ब्लेंडर चालवला की ते बहुधा पुन्हा जमते. दह्याचा फाटलेला सॉस असा परत येत नाही. तो मिक्सरमधून काढून, थोडी काजूची पेस्ट मिसळून रस्सा म्हणून वापरता येतो.

दुधाचे मेयोनीज फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, चक्क्याचे डिप दोन दिवस आणि साय घातलेली ग्रेव्ही दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावी. कॉर्नफ्लोअरचा सॉस गोठवू नये, वितळल्यावर तो स्पंज होऊन पाणी सोडतो. काजूचा सॉस गोठवला तरी चालतो, फक्त गरम करताना गरम पाणी घालून पुन्हा घोटावा लागतो.